आधी श्वास सोडा

गुंटूरच्या मिरचीचा ठसका नाकात चढतो,
ब्याडगीचा घशात बसतो,
संकेश्वरी दिवसभर गप्प राहते
आणि रात्री दोनला छातीत शिट्टी वाजवते.
तेवीस वर्षं मसाला मार्केटात
पन्नास किलो पाठीवर घेऊन फळी चढलो.
पोतं कधी खाली टाकलं नाही.
आणि गेल्या फाल्गुनात, कोपरखैरण्याच्या खोलीत,
मोरीच्या उंबऱ्यावर बसून
एक श्वास उचलेना.

पंप दोन होते.
निळा खिशात, तंबाखूच्या पुडीच्या जागी.
दोनदा दाबला की दार उघडल्यासारखं व्हायचं.
जीव जडला होता त्याच्यावर.
तपकिरी फळीवर, देवांच्या शेजारी.
दाबा, काही कळत नाही.
वर चूळ भरायची, सकाळ-संध्याकाळ,
बरा असलो तरी.
बरा असलो तरी?
बिनकामाचा गडी हजेरीवर कशाला ठेवायचा?
काढून टाकला. महिनाभर काही झालं नाही.
टोळीत सांगितलंसुद्धा, सगळं डॉक्टरांचं दुकान.
बापू शिंगटे म्हणाला, सवय लागती त्याची, सोडलास ते बेस.

त्या रात्री निळा आठ वेळा दाबला,
लाइट गेलेल्या घरात बटण दाबत बसावं तसा.
समिधा, माझी पोरगी, नववीतली,
घड्याळाकडे बघत माझे श्वास मोजत होती
आणि मोजताना स्वतःचा धरून ठेवत होती.
रिक्षा. वाशीचं हॉस्पिटल. तोंडावर वाफेचा मास्क.
भिंतीवरची पालसुद्धा
माझ्याहून निवांत श्वास घेत होती.

डॉक्टर परकारबाई ओरडल्या नाहीत.
विचारलं, आठवड्यात निळा किती वेळा?
म्हटलं, मोजला नाही.
"पोती मोजता ना?"
खाली बघितलं.
म्हणाल्या, निळा नळी उघडतो, आतली सूज तशीच राहते.
ती उतरवतो तपकिरी,
रोज थोडी थोडी, तुम्हाला न सांगता.
मग म्हणाल्या, घेऊन दाखवा.
दाखवला.
चार वर्षं मी औषध जिभेला पाजत होतो.
"आधी श्वास सोडा. सगळा.
मग दाबता दाबता हळू आत घ्या,
आणि दहापर्यंत धरून ठेवा."

मोरीवरच्या भिंतीला
समिधानं खडूनं दोन रकाने आखलेत.
तपकिरीखाली दिवसाला दोन रेघा.
निळ्याखाली श्रावणात तीन, भाद्रपदात एक,
ती पण मार्केटात गोण फुटली तेव्हाची.
मिरची तीच आहे. धूळ तीच.
मी नाकावर मास्क लावतो,
टोळी मला डॉक्टर म्हणते.

काल जेवणाच्या सुट्टीत
बापू वखारीमागं वाकून उभा,
टॉवेल तोंडाशी घट्ट.
शिट्टी माझ्या ओळखीची.
म्हणाला, मिरचीनं झालंय.
म्हटलं, मलापण मिरचीनंच झालं होतं.
पाणी दिलं. बाईंचा वार सांगितला, गुरुवार.
लाइनीत मी पण उभा राहीन म्हटलं.
मग रिकामी मूठ तोंडाजवळ नेऊन दाखवली.
आधी सोड.
"काय सोडू?"
हवा रे. आहे तेवढी सगळी सोड.
गाडी लागली होती, मुकादम नावं पुकारत होता.
बापूनं डोळे मिटले,
आणि मूठ उचलली.