आतला आरसा

त्यार्क प्रत्येक चौकटीतून वाकून शिरतो.
आरसा त्याच्या मापाने लावला
तर फेन्याला दिसणार फक्त स्वतःचा भांग,
तोही स्टुलावर चढून.

ब्रेमेनच्या त्या दुकानात तासभर
कपाटांची दारं उघडत-मिटत राहिलो:
दिव्याचं, तीन झडपांचं, वाफ न धरणारं.
गोळ्यांना कुलूप हवं, दाढीची पाती उंच हवीत.

आणि सासूबाई, गेझीना,
हल्ली आरशातल्या बाईला
‘जरा सरका’ म्हणतात,
टॉवेल पुढे करतात,
ती घेत नाही
तेव्हा घाबरतात.

शेवटी घेतलं साधं, पांढरं,
आरसा दाराच्या आतून.

आता सकाळी जो तो
कपाट उघडून घाईत तोंड बघतो,
आणि जाताना
त्या बाईला आत ठेवून
आठवणीने
दार लावतो.