जांभळ्या बुचाची नळी

अशोक चौकातल्या आमच्या लॅबमागे
सहा मागांचा कारखाना आहे.
एप्रिलात खिडकी उघडी ठेवावीच लागते,
म्हणून पिपेट धरलेल्या हाताला
त्या खटक-खटकचा ठेका लागू नये
एवढं मी शिकून घेतलंय.

साडेअकराला मुदस्सर आला विडी घरकुलाकडनं,
बर्फाची पेटी गाडीच्या टाकीवर.
सत्तम्मा वडनाल, वय अठ्ठावन्न.
पाठदुखी, थकवा, वजन उतरलेलं.
डॉक्टर हत्तुरेंच्या चिठ्ठीत एकच ओळ:
प्रथिनं वेगळी करून बघा.

वेगळी करायची म्हणजे
बोटभर लांब एक ओलसर पांढरी पट्टी,
तिच्यावर रक्तातल्या पिवळ्या पाण्याची रेघ,
दोन्ही टोकं बफरात, आणि एकशेऐंशी व्होल्ट.
मग जो तो आपापल्या भारानं चालू लागतो.
अल्ब्युमिन सगळ्यांच्या पुढे,
संख्येनं जास्त, अंगानं हलकं,
पंगतीला पहिलं बसणाऱ्या पोरांसारखं.
मग दोन अल्फा, मग बीटा,
आणि गॅमा,
आजवरचे सगळे ताप, सगळे खोकले लक्षात ठेवणारा,
तो निघाल्या जागेहूनही थोडा मागेच सरकतो.

बारा वाजून चार मिनिटांनी लाईट गेली.
मागही थांबले. एवढी शांतता
की घड्याळाचा काटा ऐकू आला.
पट्टीवरचे थांबत नाहीत मात्र.
वीज नसली की ते जागच्या जागी पसरतात,
कडा पुसतात, एकमेकांत शिरतात.
आमचा इन्व्हर्टर फ्रीजपुरताच.
पट्टी टाकली. दीडला पुन्हा पहिल्यापासून.

लाल रंगात बुडवली, मग आंबूस पाण्यात धूत राहिले.
नायना रंगखान्यात होते चौतीस वर्षं.
भिजलेल्या सुतावर त्यांचा कधीच विश्वास नव्हता,
'धू आधी, मग सांग रंग कुठला.'
तिसऱ्या पाण्यात पट्टे दिसले.
पाच असायला हवेत.
सहा होते.

बीटा आणि गॅमाच्या मधे
काठाला असावी तशी बारीक, धारदार रेघ.
यंत्रानं आलेख काढला:
गड्ड्याच्या गर्दीतून वर आलेला
एक बुटका नंदीध्वज.
हाडांच्या मगजात एकाच जातीची पेशी माजली
की असली रेघ येते.
पाठदुखी. थकवा. वजन.
सगळं जुळत होतं, आणि
मी पेन्सिल उचलून खाली ठेवली.

मग नळी बघितली.
बूच जांभळं.

'मुदस्सर, लाल बुचाची कुठंय?'
'संपली होती, मॅडम. जांभळीतच घेतलं. रक्त तर तेच की.'

तेच, पण गोठू न दिलेलं.
जांभळ्या नळीतल्या औषधानं
रक्ताला त्याचं सूत कातूच दिलं नव्हतं.
ते सूत, फायब्रिनोजेन,
न वळलेलं, न विणलेलं,
नेमकं त्याच जागी उभं होतं.

दुसऱ्या दिवशी सत्तम्मा स्वतः आली, सिटी बसनं.
पदरात तंबाखूचा वास, बाही आधीच वर.
'काल दिलेलं कुठं गेलं?'
मी म्हणाले, नळी चुकली होती.
ती म्हणाली, आमची विडी चुकली तर छाटतात.

लाल बूच. अर्धा तास उभी ठेवली.
गोठलेलं काडीनं अलगद उचललं
तर काडीला तंतू लागून वर आले,
चिवट, ओले.
ती वाकून बघत होती.
'एमुंदी?'
'दारम,' मी म्हणाले.
तिनं स्वतःचं बोट बघितलं,
दोरा आवळून आवळून चीर पडलेलं.
'दिवसाला हजार बांधते. आत पण तेच चाललंय होय?'
आणि हसली, कमरेवर हात ठेवून.

चार वाजता पट्टी वाळली.
पाच पट्टे.
अल्ब्युमिन जरा फिकं, गॅमा जरा रुंद,
मधली जागा कोरी, पांढरी.
मी लिहिलं: जास्तीची रेघ नाही.
खाली सही, तारीख, वेळ.

ती बाकावर बसूनच होती.
कागद उलटा धरून तिनं शिक्का बघितला,
मग माझ्याकडे.

'बरं. मग पाठ?'