पाटी

कंग्राळीच्या नर्सरीत मी पाट्या रंगवते.
पत्र्याच्या, वीतभर, खिळ्याच्या भोकासकट.
जास्वंद, अबोली, कर्दळ – हात थांबत नाही.
आज भरमूकाकांनी तुपाच्या डब्यातून
एक ओली काडी उपसली, म्हणाले,
हिची लिही.

हिची म्हणजे कुणाची?

कॅम्पातल्या एका बंगल्यातून मागून आणलेली,
पेन्सिलीएवढी जाड,
दोन डोळे पाण्यात, तीन वर.
नवव्या दिवशी मुळं, उकडलेल्या शेवयांसारखी.
बी पेरायचं नाहीच म्हणे.
काडीची काडी, तिची काडी,
मागे मागे चालत गेलं तर
चीनमधल्या कुठल्याशा ओढ्याकाठचं एक झाड,
रेशमाच्या गाठोड्यांमागून निघालेलं.
एकच अंग, किती गावांत उभं.

मग कुणा युरोपातल्या पंडितानं
त्याला बाबिलोनचं ठरवलं,
जिथं परागंदा लोकांनी नदीकाठच्या फांद्यांना
वाद्यं टांगली, आणि गायचं नाकारलं.
ती झाडं भलतीच होती, असं आता म्हणतात.
चूक कळली, नाव राहिलं.
आम्हाला ह्याचं काय नवल,
आमचं गावच वेळूचं,
ज्यानं त्यानं आपल्या जिभेनं वाकवलेलं.

बसव्वा कुंडीत माती दाबता दाबता म्हणते,
नीरवंजी लिही की.
काका म्हणतात, ती वेगळी, ती आपली वाळुंज,
हिची चुलतबहीण, मार्कंडेयच्या काठावरची, ताठ मानेची.
दोघांचं खरं.
ब्रश सुकत चाललाय.

दुपारी निपाणीचं गिऱ्हाईक आलं, फार्महाऊसवालं.
ते रडणारं झाड हाय काय तुमच्याकडं?
काका हसले नाहीत.
"रडत नाय ओ ते. पाणी कुठं हाय बघूलालंय."
मग विचारलं, विहीर किती लांब? संडासाची टाकी?
तीस फूट तरी सोडा,
नायतर पायपात मुळं घुसत्यात.
तो आंब्याची दोन कलमं घेऊन गेला.

काडी कुंडीत गेली तरी
डब्यातलं पिवळट पाणी काका ओतून देत नाहीत.
गुलाबाच्या हट्टी काड्या,
महिनाभर नुसत्याच उभ्या असलेल्या,
त्यांना थोडं थोडं घालतात.
ह्या पाण्यानं त्यांनाही मुळं सुटतात म्हणे.
का, ते त्यांना ठाऊक नाही,
मलाही वाचूनच कळलं, आणि मी सांगितलं नाही.

पाटीवर शेवटी किंमत तेवढी लिहिली.
साठ रुपये.

काडी लावली होती मीच, घाईत,
वरचं टोक खाली.
पंधरा दिवसांनी लक्षात आलं:
कोंब आधी जमिनीकडे निघालेले,
मग वळलेले.