बुटातला बोळा

फिनलंडच्या उत्तरेला, हेल्वीच्या गावात
छापील अंक आता येत नाही.
मुलानं टॅब्लेट दिलाय.
दोन बोटं फाकवली की अक्षर मोठं होतं,
हे तिला आवडलं, खोटं कशाला बोला.
चष्मा शोधायची कटकट गेली.

पण ओले बूट?
बर्फातून आलेल्या बुटांत कोंबायला
चाळीस वर्षं कालचा पेपर होता:
डाव्यात क्रीडा, उजव्यात निधनवार्ता,
सकाळी दोन्ही कोरडे.
सौनाची भट्टी पेटायची अग्रलेखावर.
ताइस्तो म्हणायचा,
तेवढा तरी उजेड पडू दे त्याचा.

पेपर टाकायचा तोच, पहाटे चारला,
हातमोज्यांची टोकं कापून.
त्याला जाऊन सहा वर्षं झाली,
पोरं बदलली, मग गाडीच थांबली.
तिसऱ्या घरचं म्हातारं कुत्रं
अजून चारला उठतं,
एकदाच भुंकतं.

शेवटचा अंक ती जपून ठेवणार होती.
काल बूट फारच भिजले.

आज सकाळी तिनं बोळा उलगडला,
गुडघ्यावर तळव्यानं सपाट केला.
हवामान: उणे अकरा, उत्तरेचा वारा.
तारीख गेल्या मार्चची.
तिनं खिडकीबाहेर पाहिलं.
बरोबर होतं.