दुपारचा बिघाड

सार्डिनचा रिकामा डबा.
आत दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर.
झाकणावरचा मासा अजून हसतोय,
आमच्या अगादेझमध्ये समुद्र पाहिलेला
तोच एकटा.

आघालीच्या गिटारची वायर यात खुपसली
की सुरांनी गुरगुरायला हवं.
परवा रात्री गुरगुरलेही,
अंगणातल्या शेळ्या कान टवकारून उभ्या राहिल्या.
मी म्हटलं, झालं. हात धुतले.

काल दुपारी स्वारी परत.
"घैशा, तुझा डबा खोकतो.
दोन सूर धड लागतात, मग घसा बसतो."
आणि लग्न शुक्रवारी.

तर उघडला.
चार स्क्रू, त्यातला एक मुळातच नव्हता.
मीटरचं काळं टोक डब्याच्या पत्र्याला,
लाल टोक घेऊन दारोदार:
तुला पोचतंय का? तुला?
बॅटरी नऊ, ठीक.
साडेचार हवेत तिथं सात.
सात का, हे कुणीच सांगेना.

जुने डाग वितळवले, नवे दिले,
कथील आरशासारखं बसलं. नाही.
वायर बदलली. नाही.
जॅक घासला, फुंकला, शिव्या घातल्या. नाही.
मग तारेच्या टोकाला एक कपॅसिटर लावून
आवाजाचा माग काढत निघाले,
चुकल्या शेळीच्या खुरांवरून जावं तशी:
इथं आहे, इथंही आहे,
पहिल्या ट्रान्झिस्टरातून बाहेर पडताना जरा लंगडतोय,
दुसऱ्यापाशी बसकण मारतोय.

दोघेही बाबांच्या रेडिओतले.
टोपीवर रशियन अक्षरं,
चामडी पिशवीत घालून लिबियाहून आणलेला तो रेडिओ
बाबा अंधार पडल्यावरच लावायचे.
मला वाटायचं,
दिवसा जगात काही घडत नसावं.

रात्री, निव्वळ हट्टानं, पुन्हा जोडला.
गायला.
पहाटे गायला.
दहाला कुरकुर, अकराला खोकला,
एक वाजता मुका.
संध्याकाळी, तो शुद्धीवर असताना,
पहिल्या ट्रान्झिस्टरला मी चिमटीत धरलं,
नुसतं धरलं,
आणि माझ्या बोटांच्या उबेनं
सूर हळूहळू आत गेला.
चिमूट सोडली. वाट पाहिली.
आला परत.

म्हणजे ताप.
दोन दिवस मी सांध्यांना दोष देत बसले,
आणि अख्खा बिघाड
डोक्यावरून पूर्वेकडून पश्चिमेकडे चालला होता.
बाबांना सांगितलं. ते म्हणाले,
"त्याला काय झालंय? दुपारी मलाही काही सुचत नाही."

डब्याला तिसरं भोक पाडलं, माशाच्या नेमकं डोळ्यात.
आत फिरता रेझिस्टर,
वर मूठ म्हणून फुटक्या किटलीच्या झाकणाची बोंडी.
"हे कसलं?" आघालीनं विचारलं.
"हे दुपारचं. ऊन चढलं की डावीकडे, उतरलं की उजवीकडे.
आणि डब्याला ओलं फडकं गुंडाळ,
पाणी आत गेलं तर माझ्याकडे येऊ नकोस."

शुक्रवारी तंबूबाहेर बायकांचा तेंदे घुमत होता,
आघालीच्या पायाचा अंगठा, निळीनं रंगलेला,
माशाच्या डोळ्यावर.
चार वाजता वाजलं. पाच वाजता वाजलं.
भर उन्हात तो डबा असा डरकाळला
की नवरदेवाच्या मामानं फेट्यातून नाक बाहेर काढलं.

मग गार वारा सुटला,
आणि आघाली वाजवण्यात इतका बुडाला
की अंगठा विसरला.
सूर पुन्हा फाटायला लागला, दुसऱ्या बाजूनं.
मी बायकांच्या घोळक्यातून जीव खाऊन ओरडले,
"आघाली, सूर्य मावळला रे!"

निम्मे पुरुष उठले
आणि वजू करायला निघाले.