मुक्कामांची वही

टेबलफॅनखाली नकाशा फडफडतो,
चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्यात,
एकीत अजून शेंगाचटणी आहे.

अंबादास म्हणतो, पहिला मुक्काम धुळे,
मग इंदूर, कोटा, अंबाला.
तिथवर सगळं सपाटच, आपल्यासारखं.
खरी गोची मंडीच्या पुढं:
चाळीस किलोमीटरला तीन तास म्हणे.
मी खोडरबर घेते,
दोन रात्रींच्या तीन करते.

आम्हाला चढ ठाऊक तो तुळजापूरच्या घाटाचा,
तिथंही व्हॅन एकदा उकळली होती.

केलाँगच्या लॉजवाल्याला फोन लावला.
खोली तळमजल्यावरच द्या, गुडघ्यांचं काही खरं नाही.
गरम पाणी? सकाळी दोन बादल्या.
पांघरूण? तो हसला.
बहनजी, सोलापूरहून बोलताय ना?
चादरी तुम्हीच आणा.

बाहेर बेचाळीस अंश.
अंबादासनं माळ्यावरून ट्रंक उतरवली:
माग विकला त्या आठवड्यातल्या
शेवटच्या सहा चादरी,
घडीसुद्धा न मोडलेल्या.

वहीत केलाँगसमोर मी लिहिलं,
चार आपल्याला, दोन लॉजवाल्याला.
अंबादासनं वाचलं,
दोनचा एक केला.

रात्री पाणी प्यायला उठला,
तेव्हा परत दोन.