भाव आणि घसा

सव्वानऊला मी लॅपटॉप उघडते
जेवणाच्या टेबलावर, पोह्यांची ताटली बाजूला सारून.
वर मेणबत्त्या, हिरव्या, तांबड्या.
खाली वेगळ्या पट्टीत एक जांभळी रेघ,
तीस आणि सत्तरच्या मध्ये
सैल बांधलेल्या वलणीसारखी हलणारी.

भाई पाटीवर लिहून विचारतात:
ही खालची कोण?

स्वरतंतूवरची गाठ काढून नऊ दिवस झालेत.
डॉक्टर गोरक्षकर म्हणाल्या,
बत्तीस वर्षं ओरडलात ना,
आता सहा आठवडे कुजबुजसुद्धा नको.

मी सांगते, वरचा तो भाव,
ही त्या भावातला जोर.
चौदा दिवस घ्यायचे,
चढलेलं एकीकडे, पडलेलं दुसरीकडे,
आणि बघायचं, कोण दमलंय.

भाई हसतात. आवाज येत नाही,
नुसते खांदे हलतात.
पाटी पुसून लिहितात:
आम्ही कानाने बघायचो.

मग पाटी पुरत नाही. दूधवाल्याच्या हिशेबाची वही ओढतात
आणि मागच्या पानांवर रिंग उतरवतात.
दलाल स्ट्रीटवरचा तो हॉल, पंखे असून नसल्यासारखे,
तळहात आपल्याकडे म्हणजे घेतला,
बाहेर म्हणजे दिला,
खिशात खडीसाखर आणि ज्येष्ठमध,
आणि पारडीवाला नावाचा एक जॉबर,
ज्याचा भाव दर आरोळीला रुपयाने चढायचा
पण तिसऱ्या आरोळीला आवाज चिरकायचा.
तो चिरकला की मी विकायचो,
लिहितात, आणि खाली रेघ मारतात. दोनदा.
पुढे कॉम्प्युटर आले.
भाईंना खुर्ची मिळाली, आणि बाजार मुका झाला.

माझ्याकडे वापीच्या एका रंगवाल्या कंपनीचे दोनशे शेअर.
सोमवारी नवा उच्चांक.
रेघ मात्र मागच्या शिखराच्या खांद्यापर्यंतच पोचली.
शिकलेले लोक याला डायव्हर्जन्स म्हणतात.
मी फारकत म्हणते.
शब्द माझ्या ओळखीचा आहे:
दोघं एकाच घरात, एक वर चाललेला,
दुसरी तोंडाने हो हो म्हणत खाली.

भाईंनी रेघेवर बोट ठेवलं. चिरकला.
मी विकले.

पुढचे अकरा दिवस तो शेअर चढतच राहिला.
रेघ सत्तरच्या वर जाऊन बसली,
माहीमच्या बंधाऱ्यावर पाय सोडून
कुणी घरी जायचं विसरावं, तशी.
भाईंनी वहीत लिहिलं:
पारडीवालासुद्धा कधीकधी
पाणी पिऊन परत यायचा.
हे आधी का नाही सांगितलं, मी ओरडले.
खालच्या टायरवाल्याने मान वर केली.
भाईंनी नुसता तळहात बाहेर वळवला.
दिला.

आता त्याच वहीत माझंही एक पान आहे.
रोज सकाळचं वजन. एकसष्ट, साठ, साडेअठ्ठावन्न.
सहा आठवडे संपले, 'आ' म्हणायची परवानगी मिळाली.
तो 'आ' मी मोबाइलच्या घड्याळावर मोजते.
दोन सेकंद. मग चार. मग पुन्हा तीन.

काल वजन नव्या तळाला गेलं, सत्तावन्न.
आणि बाथरूममधून, टॉवेल विसरला म्हणून,
माझं नाव आलं.
फाटलेलं, 'रे' गिळून नुसतं 'णू',
पण दाराबाहेर, पॅसेजमधल्या फ्रीजपर्यंत आलं.

भावाचा तळ खाली, जोराचा तळ वर.
एका खुणेवर सौदा करत नाहीत, मला ठाऊक आहे.
पुढची मेणबत्ती पुरी होईपर्यंत थांबायचं असतं.
मी टॉवेल घेऊन दाराशी उभी राहिले
आणि ऐकलंच नाही असं दाखवलं.